बंद पाकीट

माझा बाप टपाल वाहायचा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात महाराच्या वाट्याला जी फुकटची कामं होती त्यातलं हे एक. पाटलाचा कागद मामलेदार कचेरीत, कचेरीचा कागद पाटलाकडं. कुणाच्या घरी मयत झालं की दहा कोसांवरच्या पाव्हण्याला सांगावा. पावसात कागद भिजू नये म्हणून बा तो मुंडाशाच्या आतल्या घडीत खोवायचा. स्वतः भिजायचा, कागद भिजू द्यायचा नाही. कागदात काय लिहिलंय हे त्याला कधी कळलं नाही. वाचता येत नव्हतं, आणि विचारायची छाती नव्हती. म्हणायचा, "आपण वाह्याचं, लेकरा. वाचायचं त्यांनी." एकदा त्यानं पोचवलेल्या कागदात त्याच्याच चुलतभावाला धरून आणायचा हुकूम होता. हे त्याला गावी परत आल्यावर कळलं.

१९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ वतनं गेली. बा पुण्याला आला आणि एका कॉलेजात शिपाई झाला. काम पुन्हा तेच. मुंडासं गेलं, खाकी आली, हातात डाकबुक आलं. कागद मात्र बंदच राहिला.

ही गोष्ट बापाची कीव यावी म्हणून सांगत नाही. १९८४ साली मी, त्याचा एम.ए. झालेला पोरगा, तसाच एक बंद कागद स्वतःच्या हातानं वाहून नेला. त्यात माझ्याबद्दलच लिहिलेलं होतं. मला वाचता येत होतं, तरीही वाचला नाही.

झालं ते असं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी मी अर्ज मागवला. अर्जासोबत शिफारसपत्रांचे तीन फॉर्म आले. आपल्याकडं शिफारस म्हणजे वशिला. तिथं शिफारस म्हणजे तुमच्या मास्तरनं तुमच्याबद्दल लिहिलेलं मत, तेही तुमच्या पाठीमागं. प्रत्येक फॉर्मच्या वरच्या अंगाला बारीक टायपात एक मजकूर होता आणि त्याच्यापुढं एक रिकामा चौकोन. हे पत्र पुढं कधी पाहण्याचा माझा हक्क मी सोडून देत आहे, अशा अर्थाचं ते वाक्य. मी ते तीनदा वाचलं. आपला असा काही हक्क असतो हेच मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी तो सोडायचा होता.

विभागातल्या प्राध्यापकांना विचारलं तर ते हसले. "खूण कर. नाहीतर त्यांना वाटेल तुझा आमच्यावर विश्वास नाही." मी खूण केली. आठ दिवसांनी त्यांनी पाकीट दिलं. तोंड चिकटवलेलं, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही, सहीवर पारदर्शक पट्टी. ते मी पोस्टात नेलं, परदेशी टपालाचे पैसे भरले, पावती खिशात घातली. पैसे बापाच्या पगारातले होते. मे महिन्यात दोन ओळींचा नकार आला.

तो चौकोन तिथं कुणी आणि कशासाठी काढला, हे शोधायला मला पुढं बरीच वर्षं लागली. ते इथं मांडतो. आपली पोरं आज त्याच चौकोनापुढं थांबलेली आहेत.

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यू पोरांची संख्या वाढू लागली. स्थलांतरितांची, शिंप्या-दुकानदारांची हुशार पोरं. ती आपल्या गुणांवर पुढं येऊ लागली तसं जुन्या घराण्यांच्या पोटात दुखायला लागलं. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला उघड मर्यादा घालावी असं सुचवलं. त्यावर गदारोळ झाला. उघड बंदी अंगाशी येते हे कळल्यावर मंडळी शहाणी झाली. गुणपत्रिका खोटी करता येत नाही. मग चारित्र्य, वागणूक, घराणं असल्या मोजता न येणाऱ्या गोष्टी पुढं आल्या. आणि असल्या गोष्टी लिहायला बंद पाकिटाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

१९२५ साली हार्वर्डमधून एक पोरगा इंग्लंडला केंब्रिजमध्ये जायला निघाला. त्याच्यासाठी ब्रिजमन या प्राध्यापकानं रदरफोर्ड यांना पत्र लिहिलं. पोराची बुद्धी अफाट आहे, पण प्रयोगशाळेत हात चालत नाही, असं त्यात होतं. हे खरं होतं आणि लिहायलाच हवं होतं. पण पुढं आणखी लिहिलं होतं. नावावरून कळतंच की हा ज्यू आहे, तरी त्याच्या वंशात जे नेहमी आढळतं ते याच्यात नाही. उंच आहे, बांधेसूद आहे, बोलणं लाजरं आणि गोड आहे. हा पोरगा रॉबर्ट ओपेनहायमर. रदरफोर्डनी त्याला घेतलं नाही, तिथल्याच जे. जे. थॉमसन यांनी घेतलं. पुढं त्याच्या हाताखाली अणुबाँब तयार झाला.

ब्रिजमन काही दुष्ट माणूस नव्हता. पुढं १९४६ साली त्याला नोबेल मिळालं. त्याला वाटलं आपण पोराचं भलंच करतोय. हेच नीट ध्यानात घ्या. आपल्याकडं नाही का म्हणत, "महाराचा आहे, पण वाटत नाही हो." असं म्हणणाऱ्याला वाटतं आपण केवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं.

१९३९ साली दुसरा पोरगा. एम.आय.टी.त शिकलेला, गणित आणि भौतिकशास्त्रात त्याच्या तोडीचा कुणी नाही. प्रिन्स्टनला अर्ज केला. तिथले स्माइथ यांनी एम.आय.टी.च्या मोर्स यांना पत्र टाकून विचारलं, हा ज्यू आहे काय? आमचा ज्यूंच्या विरुद्ध काही नियम नाही, पण त्यांना पुढं नोकरीला लावणं अवघड जातं, म्हणून त्यांचं प्रमाण आम्ही कमी ठेवतो. मोर्स यांनी कळवलं, होय, ज्यू आहे, पण चेहऱ्यावरून, वागण्यावरून तसं दिसत नाही. पोराला प्रवेश मिळाला. तो रिचर्ड फाइनमन. १९६५ साली त्यालाही नोबेल मिळालं.

दोन्ही पोरं आत गेली म्हणून कुणी म्हणेल, मग अडलं कुठं? अडलं ते हे, की ज्याचा चेहरा ज्यूसारखा दिसत होता, ज्याचं बोलणं ज्यू मोहल्ल्यातलं होतं, त्याच्या पत्रात काय लिहिलं गेलं असेल? तो बाहेर राहिला. त्याला नोबेल मिळालं नाही, त्याच्यावर पुस्तक निघालं नाही, म्हणून त्याचं पत्रही कुणी उकरून काढलं नाही. इतिहासात आत गेलेल्यांचीच पाकिटं उघडतात. आणि या दोघांना तरी आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्या वेळी कुठं माहीत होतं? दोन मास्तर त्यांच्या जातीबद्दल आपसात बोलत होते आणि ज्याच्याबद्दल बोलत होते तो दाराबाहेर उभा होता. दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

पुराणातला चंद्रहास आठवतो. कीर्तनात आपण तो भिंतीपल्याडून ऐकलाय. धृष्टबुद्धी प्रधान त्याच्याच हातात पत्र देतो आणि आपल्या पोराकडं पाठवतो. आत लिहिलेलं असतं, याला विष द्या. चंद्रहास इमानानं ते पत्र घेऊन निघतो, वाटेत बागेत झोपतो. प्रधानाची पोरगी विषया ते उघडते, काजळानं एक अक्षर वाढवते, आणि विषाच्या जागी विषयाच मिळते. पुराणिकबुवा म्हणायचे ही देवाची कृपा. मला दिसतं ते वेगळं. पत्र कुणीतरी उघडलं म्हणून पोरगा वाचला.

आता कुणी म्हणेल, बंद पाकिटानं आपलं भलंही झालंय. झालंय. ते सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

बाबासाहेब कॉलेजात शिकत असताना पैशाची अडचण आली तेव्हा केळुसकर गुरुजी त्यांना घेऊन सयाजीराव महाराजांकडं गेले. महाराजांनी पोराला समोर उभं केलं, स्वतः प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. शिफारस उघड होती, पोराच्या समक्ष होती. पुढं बडोद्याच्याच पैशावर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले प्राध्यापक सेलिग्मन. १९१६ साली बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं होतं. फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळवलं ते असं, की हा गृहस्थ आधीच डॉक्टर झालेला आहे, जिंकायला याच्यापुढं इथं काही उरलेलं नाही. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. घेऊन बाबासाहेबांनी उरलेलंही जिंकलं.

आता ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवा. ज्या माणसाबद्दल न्यूयॉर्कचा प्राध्यापक लंडनच्या प्राध्यापकाला लिहितो, त्याच माणसाच्या टेबलावर १९१७ साली बडोद्याच्या कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत होते. विटाळ होऊ नये म्हणून. सेलिग्मन स्वतः ज्यू घरातले. बंद पाकीट त्यांच्याही हातात होतं आणि ब्रिजमनच्याही. म्हणजे पाकीट बंद आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण, ही खरी गोष्ट. दोघंही एकाच आळीतले असले की तिसऱ्याचं मरण.

आता त्या चौकोनाकडं येतो. १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींचा कायदा झाला. न्यूयॉर्कचे सिनेटर बकली यांनी तो आणला आणि २१ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची सही झाली. शाळा-कॉलेजात तुमच्याबद्दल जे लिहून ठेवलंय ते पाहायचा हक्क तुम्हाला मिळाला. त्यात शिफारसपत्रंही आली. विद्यापीठांनी ओरड केली. गुप्तपणाच्या भरवशावर लिहिलेली पत्रं आता पोरं वाचणार, मग खरं कोण लिहील? १९ नोव्हेंबरला कायदा लागू झाला आणि ३१ डिसेंबरला त्यात दुरुस्तीही झाली. १ जानेवारी १९७५ च्या आधीची गुप्त पत्रं बंदच राहतील. नंतरच्या पत्रांबाबत विद्यार्थ्याला वाटलं तर त्यानं आपला हक्क लिहून सोडून द्यावा. तोच माझ्या फॉर्मवरचा चौकोन.

कायद्यानं एक चांगली गोष्ट केली. हक्क सोडलाच पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही, अशी अट विद्यापीठाला घालता येत नाही. हक्क सोडला तरी पत्र कुणी कुणी पाठवलं त्यांची नावं मागता येतात. आणि ते पत्र ज्या कामासाठी मागवलं त्याच कामाला वापरता येतं. पण एक मेख आहे. हा हक्क त्याच विद्यार्थ्याचा, जो प्रवेश मिळून तिथं शिकायला गेला. ज्याला नकार आला त्याला या कायद्यानं काहीच पाहता येत नाही. जेवायला बसलेल्यानं ताट तपासावं. उपाशी परत गेलेल्यानं विचारायचं नाही. १९८४ साली खूण केली नसती तरी माझं पत्र मला दिसलं नसतं.

तरी ते मला कळलं. १९९१ साली एका लग्नात विभागातला जुना टायपिस्ट भेटला. आपलाच माणूस. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, लई वर्सं पोटात ठिवलंय. तुमचं ते अमेरिकेचं पत्र म्याच टाईप केलं हुतं." त्याला इंग्रजी वाक्य पाठ होतं. मराठीत त्याचा अर्थ असा, पार्श्वभूमीच्या मानानं उमेदवाराची प्रगती समाधानकारक आहे. तो नम्र आणि कष्टाळू आहे.

एवढंच. शिवी नाही, जात नाही, एकही खोटा शब्द नाही. मी विद्यापीठात दुसरा आलो होतो, ते मात्र त्यात नव्हतं.

याच पत्रानं माझा प्रवेश अडला असं मी म्हणणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. इतर दोन पत्रांत काय होतं तेही मला ठाऊक नाही. आणि बंद पाकिटाची खरी मेख हीच आहे. अन्याय झाला असं ओरडावं तर पुरावा नाही, झाला नाही म्हणावं तर मन ऐकत नाही. माणूस जन्मभर स्वतःलाच तपासत बसतो, आपणच तर कमी पडलो नाही ना. सात वर्षं मी तेच केलं.

'कष्टाळू' या शब्दाचंही पुढं कळलं. अमेरिकेत दोन संशोधक बायांनी एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांच्या नेमणुकांसाठी आलेली ३०० हून जास्त शिफारसपत्रं तपासली आणि २००३ साली निष्कर्ष छापले. बायकांसाठी लिहिलेली पत्रं आखूड होती, त्यांत शंका उत्पन्न करणारे शब्द जास्त होते. बायकांच्या मेहनतीचं कौतुक जास्त, पुरुषांच्या संशोधनाचा उल्लेख जास्त. ते नोकरीचं प्रकरण होतं, पण कारागिरी तीच. बुद्धी एकाच्या खात्यावर, घाम दुसऱ्याच्या खात्यावर. आपल्या घामाचं कौतुक गावकीतही होतंच की.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं आहे असं समजू नका. सरकारी नोकरीत ज्यांचे बाप, काके होते त्यांना सी.आर. म्हणजे काय ते माहीत आहे. गोपनीय अहवाल. साहेब दरवर्षी बंद खोलीत लिहायचा आणि बढती त्यावर ठरायची. शेरा वाईट असेल तरच कळवायचे. मग हुशार साहेब वाईट शेरा द्यायचाच नाही. 'चांगला' असा शेरा द्यायचा, आणि बढतीला लागायचा 'अतिशय चांगला'. सीमा रस्त्यांच्या खात्यातल्या एका इंजिनिअरचं नेमकं असंच झालं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००८ साली निकाल लागला, की प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. २००९ साली केंद्र सरकारनं तसा हुकूम काढला. पुढं २०११ साली त्याच न्यायालयानं माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क दिला. म्हणजे इथं दार किलकिलं झालं. आभाळ काही कोसळलं नाही, कचेऱ्या चालू आहेत.

मी पुढं इथंच मास्तर झालो आणि आता निवृत्त आहे. तरी पोरं शिफारसपत्रासाठी येतात. सरकारची परदेशी शिष्यवृत्ती घेऊन आपली पोरं आज बाहेर जातात, पण शिष्यवृत्तीला आधी प्रवेश लागतो आणि प्रवेशाला पत्रं लागतात. पाकीट गेलं, आता कॉम्प्युटरवर पाठवायचं. चौकोन मात्र तसाच आहे.

परवा आमच्या वस्तीतली एक पोरगी आली. तिचा बाप रिक्षा चालवतो. म्हणाली, "सर, खूण करू का नको?"

मी तिला वरचं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "खूण कर. नाही केलीस तर वाचणारा पत्रावर भरवसा ठेवणार नाही, तोटा तुझाच. पण आधी लिहिणाऱ्याला तोंडावर विचार, माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहाल का? जो आं-ऊं करील त्याचं पत्र घेऊ नकोस. आणि माझं पत्र पाठवायच्या आधी मी तुला वाचून दाखवणार आहे."

ती म्हणाली, "मग ते गुप्त कसलं, सर? खूण करून वर वाचायचं, ही लबाडी न्हाय का?"

पोरगी तयारीची आहे. मी म्हटलं, "तू मागायचा हक्क सोडलास. मी दाखवायचा सोडलेला नाही. तो कायदा तिथल्या विद्यापीठाला बांधतो, माझं तोंड बांधत नाही."

मी पत्र वाचून दाखवलं. तिचं संख्याशास्त्र कच्चं आहे हे त्यात लिहिलं होतं. ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "हे खरंय. ठेवा." तिनं दुष्काळी कामावरच्या बायांच्या मजुरीचं जे काम केलंय, त्यावर मी पाऊण पान लिहिलं होतं. 'कष्टाळू' हा शब्द कुठंही घातला नव्हता.

मित्रांनो, कायद्यानं पाकीट उघडेल, पण फोन उघडणार नाही. एका मास्तरनं दुसऱ्याला रात्री फोन करून "पोरगा कसाय?" म्हणून विचारलं तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडायची नाही. त्याला इलाज एकच, त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर आपलं माणूस बसलेलं पाहिजे. जे आज बसलेत त्यांना माझं सांगणं आहे. आपल्याच काय, कुणाच्याही पोराबद्दल, त्याच्यासमोर वाचता येणार नाही अशी एकही ओळ लिहू नका. कमतरता लिहा, पण त्याला सांगून लिहा.

बा जाऊन वीस वर्षं झाली. त्याला मी त्या पत्रातलं वाक्य शेवटपर्यंत सांगितलं नाही. टपालाचे पैसे त्यानं दिले होते.